बोट न लावता

रोहिणीने मेथीची जुडी मांडीवर घेतली, तिचा बंद तोडला आणि शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"मी गाडीला बोट लावनार न्हाई. पाना तात्यांच्या हातात. खोलतील तेच, जोडतील तेच. मी हितं बसून भाजी निवडते. माझे हात सगळ्यांनी नीट बघून घ्या."

दुकानासमोरच्या गर्दीने खरोखरच तिच्या हातांकडे पाहिलं. हातांत मेथीशिवाय काही नव्हतं.

कर्जतचा आठवडे बाजार भरला होता, पण राशीन रोडवर रोहिणी ऑटो इलेक्ट्रिकपुढे जमलेली माणसं भाजी घ्यायला आलेली नव्हती. त्यांच्या मधोमध बिभीषणतात्यांची काळी बीएसए मोटरसायकल उभी होती. तात्यांच्या वडिलांनी ती नगरला लष्कराच्या लिलावात घेतलेली. वाडीवरून येताना ती आज टेम्पोत बसून आली होती, कारण बॅटरी मेलेली गाडी परतीला अंधार पडल्यावर चालवायची तात्यांची तयारी नव्हती. इंजिन तिचं मॅग्नेटोवर, बॅटरी नसली तरी सुरू व्हायचं. पण दिवा लागायचा नाही आणि हॉर्न वाजायचा नाही. बिनदिव्याच्या, मुक्या गाडीवर बसणं तात्यांसारख्या माणसाला कसं परवडावं? चार तालुक्यांतल्या कुस्तीच्या फडांत माईक धरणारा माणूस तो! त्यांचा आवाज एकदा लागला की फडाच्या कडेला झोपलेलं पोरही उठून बसायचं.

त्याच आवाजाने रोहिणीचा घात केला होता.

झालं असं की गाडी चार्जिंग करेना, तेव्हा तात्यांनी स्वतःच निदान केलं आणि बॅटरी भरणारा डायनॅमो तेवढा काढून पिशवीत घालून रोहिणीकडे आणला. 'गाडी आना, आधी बघू दे,' असं ती म्हणाली होती. तात्यांनी उडवून लावलं. गाडी ते कुणाच्या हाती देत नसत. 'आतलं आर्मेचर भरून दे, जास्त शहाणपना नको,' म्हणाले. तिने जुनी जळकट तार काढली, नवी तांब्याची तार भरून दिली. तात्यांनी डायनॅमो नेऊन बसवला. चार्जिंग होतं तिथंच राहिलं. मग चैत्रातल्या यात्रेत, दोन कुस्त्यांच्या मधल्या रिकाम्या वेळेत, माईक हातात असताना तात्यांनी लोकांना हसवायचं म्हणून सांगून टाकलं,

"आमच्या डायनॅमोतलं तांबं रोहिणीबाईनं ठेवून घेतलं, मंडळी! आत काय भरलं ते देवालाच ठाऊक. वायंडिंग मागनं शिकली, हात मारायला आधी शिकली!"

फड हसला. कुणीतरी मोबाईलवर ते घेतलं आणि गावोगाव फिरवलं. पोलीस नाही, तक्रार नाही, भांडण नाही, नुसतं हसणं. पण त्या हसण्याने तिचं गिऱ्हाईक तोडलं. उसाचा हंगाम सुरू झाला होता. दरवर्षी या दिवसांत कारखान्याला ऊस ओढणारे ट्रॅक्टर तिच्या दारात स्टार्टर भरायला ओळीने लागत. यंदा ते हॉर्न वाजवत पुढे जात होते. एकजण थांबला, त्यानेही स्टार्टर हातात देताना मानभावीपणे विचारलं, "आधी वजन करून ठिवायचं का, ताई?" त्या दिवशी रोहिणी दुकानाच्या मागे जाऊन ढसाढसा रडली. रडून झाल्यावर तिला असा काही संताप आला, की तिने तिथूनच तात्यांना फोन लावला. बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन या, चार माणसांत फैसला होऊ दे. तांबं चोरलेलं निघालं तर दुकानाची पाटी मी सगळ्यांदेखत उतरवते. आणि तुमी खोटे निघालात, तर जेवढ्या मोठ्यानं बोललात तेवढ्याच मोठ्यानं सांगायचं.

"मंजूर!" तात्या फोनवर गरजले होते. पैज म्हटली की त्यांचं अंग फुरफुरायचंच.

आता ते गाडीशेजारी बाह्या सारून उभे होते. त्यांची बायको कडूबाई टेम्पोतून बाजाराला म्हणून आलेली. ती दुकानाच्या पायरीवर रोहिणीच्या शेजारी टेकली होती. रिकामे हात तिला सोसेनात. तिने रोहिणीच्या मांडीवरची मूठभर मेथी ओढून घेतली.

"दे हिकडं. देठं लांब ठिवतीस तू."

"तुमचं मानूस माझ्या पोटावर उठलंय आन तुमी देठं बघा, काकी," रोहिणी पुटपुटली.

"भाजीनं काय केलंय?" कडूबाई म्हणाली आणि निवडू लागली.

शेजारचा पंक्चरवाला हनुमंत स्वतःच पंच झाला होता. त्याला कुणी नेमलं नव्हतं, पण तो मध्ये येऊन उभा राहिला होता.

"करा सुरू!" तो म्हणाला.

रोहिणीने सांगायला सुरुवात केली. डायनॅमोच्या दोन्ही वायरी सोडवा. डायनॅमोची ती दोन टोकं तारेच्या तुकड्यानं आपसात जोडा. हा बल्ब घ्या, त्याची एक वायर त्या जोडाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. तात्या पुटपुटत, पण नीट, एकेक करत गेले. हात कसबी होते म्हाताऱ्याचे, ते रोहिणीने मनातल्या मनात मान्य केलं.

"आता किक मारा. एकदम रेस देऊ नका, हळूहळू वाढवा."

गाडी धडधडू लागली. बल्ब आधी काळाच. मग त्याच्यातली तार विडीच्या टोकाएवढी लाल झाली, पिवळी झाली, आणि भर उन्हात डोळ्यांवर येईल असा बल्ब पेटला. गर्दीतून एकच गलका उठला. हनुमंतने दोन्ही हात वर केले.

"आत तांबं नसतं तर पेटला असता का, तात्या?" रोहिणीने विचारलं.

तात्यांनी गाडी बंद केली. कपाळावरचा घाम पुसला. एवढ्यात हार मानतील तर ते तात्या कसले!

"पेटला, मान्य. मग बॅटरी का भरत न्हाई? निम्मं तांबं भरलं असशील, निम्मं ठिवलं असशील. नुसत्या बल्बाला काय, कुनीबी फसवंल!"

आणि गंमत बघा, आत्ता टाळ्या वाजवणाऱ्यांतल्याच काहींनी माना डोलावल्या. रोहिणीने ते पाहिलं. आपण भरलेल्या तारेची तिला खात्री होती, म्हणून तर तिने पाटी पणाला लावली. पण या गाडीत खोट कुठे आहे ते तिलाही माहीत नव्हतं. गाडी ती आज पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होती. खोट सापडली नाही तर बल्ब सगळे विसरतील आणि निम्मं तांबं तेवढं लक्षात ठेवतील. तिला उठून स्वतः पाना घ्यावासा वाटला. हात शिवशिवत होते. तिने ते मेथीत खुपसले.

"डायनॅमोच्या वायरी होत्या तशा जोडा," ती म्हणाली. "आता सीट काढा. खाली काळी डबी हाय बघा, कटआऊट. डायनॅमोचा करंट हितं येतो आन हिनं वाट दिली की बॅटरीत जातो. डबीला आलेल्या त्याच दोन वायरी सोडवा आन मघासारखंच करा."

तात्यांनी सीट काढली. वायरी सोडवल्या, आपसात जोडल्या, बल्ब लावला. बल्बची दुसरी वायर इंजिनापर्यंत न्यायला वाकावं लागलं असतं, म्हणून त्यांनी ती हाताशी असलेल्या डबीच्या पत्र्यालाच टेकवून धरली. दुसऱ्या हाताने हनुमंतला किक मारायची खूण केली. गाडी सुरू झाली. रेस वाढली.

बल्ब काळाच.

"बघा!" तात्या ओरडले, आणि आवाज असा लागला की रस्त्यापलीकडचा कांदेवाला उभा राहिला. "बघा, मंडळी! गेला का उजेड? कुठं गेलं तांबं?"

गर्दी कुजबुजली. कुणाचा तरी मोबाईल आणखी वर झाला. कडूबाईचे हात थांबले. रोहिणीने मात्र बल्बकडे पाहिलंच नाही. तिची नजर वायरीच्या दुसऱ्या टोकावर, डबीच्या पत्र्यावर होती.

"तात्या, गाडी बंद करू नका. दुसरी वायर डबीवरनं उचला. इंजिनाला लावा."

"कशाला?"

"लावा तर!"

तात्या वाकले. वायर इंजिनाला टेकली आणि बल्ब भक्कन पेटला.

"आता परत डबीला."

विझला.

"इंजिनाला."

पेटला.

"डबीला."

विझला. हनुमंत तोंड उघडं टाकून वायरीबरोबर मान खालीवर करत होता.

"पानी पार दंडाला आलंय, तात्या," रोहिणी म्हणाली. "पन दारं धरून वाफ्यात सोडायला मानूस न्हाई. तुमची डबी गाडीवर बसलीय, पन गाडीला चिकटलेलीच न्हाई. तिला अर्थिंगच न्हाई! ती वाट देनार कशी? सगळ्या वायरी जागच्या जागी जोडा. मग नुसता एक तारेचा तुकडा घ्या. एक टोक डबीला, एक इंजिनाला. आन काट्याकडं बघा."

तात्या पुन्हा वाकले. वायरी जोडल्या. तुकडा लावला. गाडी सुरू केली, दिवा लावला. दिव्याच्या डोक्यावरच्या छोट्या मीटरमध्ये काटा कित्येक महिने डावीकडे लोळत पडलेला. तो थरथरला, उठला, मधल्या शून्याशी जरा घुटमळला आणि उजवीकडे, चार्जिंगच्या बाजूला, जाऊन ठाम उभा राहिला. दिवा लख्ख झाला. हनुमंतने पुढे होऊन हॉर्न दाबला, तर तो असा वाजला की पुढे उभी असलेली दोन माणसं दचकून मागे सरली. मग जो आरडाओरडा झाला त्यात इंजिनाचा आवाजही ऐकू येईना.

"डायनॅमो रोहिणीताईचा!" कुणीतरी ओरडलं. "बोट न लावता!"

रोहिणीला हसू आवरेना. तिने मांडीवरची मेथी पायरीवर लोटली आणि उभी राहिली, पण हात अजून पाठीशीच धरून.

"डबी खोला आता," ती म्हणाली. "खाली काय शिरलंय ते बघू की."

तात्यांनी बोल्ट सोडवला. डबी पटकन निघेना, चिकटून बसली होती. पान्याच्या मागच्या बाजूने हळूच ठोकल्यावर ती सुटली. खाली बोटभर जाड थर होता, वाळून खडीसारखा झालेला, पिवळा, मधूनमधून काळपट. ऑईलपेंटचे पापुद्रेही त्यात अडकले होते. डबीची अर्थिंगची वायर त्याच बोल्टखाली होती आणि तिचं तांब्याचं टोक हिरवंगार पडलं होतं. हात लावताच त्याचा भुगा झाला.

कडूबाई पायरीवरून उठून जवळ आली. तिने नखाने तो पिवळा थर खरवडला, नाकाशी नेला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आपलं लोनी हाय," ती हळूच म्हणाली, इतकं हळू की तात्या आणि रोहिणी सोडून कुणाला ऐकू गेलं नाही. "हळद बी. पितळंत ताक ठिवल्यावानी कळकलंय सारं."

रोहिणीला समजायला एक क्षण लागला, आणि मग तात्यांच्या पोळ्याबद्दल ऐकलेलं सगळं एकदम जुळलं. तात्यांचे बैल जाऊन वर्षं झाली होती. दावण मोकळी. पण पोळा काही चुकवता येईना, म्हणून दर पोळ्याला गाडी धुवायची, तिला नवा रंग द्यायचा, झूल घालायची. आणि आदल्या संध्याकाळी बैलांसारखीच तिची खांदेमळण करायची. जू जिथे बसतं तो बैलाचा खांदा. तसं माणसाचं ओझं जिथे बसतं तो गाडीचा. सीट काढून तात्या स्वतःच्या हाताने तिथे हळद-लोणी चोळत, दुसऱ्या कुणाला करू देत नसत. लोणी उन्हाने पाघळून डबीखाली शिरलं, आंबलं, आणि दर वर्षी थोडं थोडं अर्थिंग खात राहिलं.

"काय निघालं?" हनुमंत मान वर करत विचारू लागला. "ताई, काय घान हाय ती?"

मोबाईल वळले. रोहिणीने तोंड उघडलं. काय काय बोलायचं ते तिच्याकडे महिनोन्महिने तयार होतं. भाकरी थापतानासुद्धा ती ते घोकत असे. आत्ता एक वाक्य बोलायचा अवकाश, उद्यापर्यंत चार तालुके तात्यांना लोणी-तात्या म्हणायला लागले असते. तिने तात्यांकडे पाहिलं. ते स्वतःच्या बोटांना लागलेला तो पिवळा भुगा बघत होते. एवढा मोठा माणूस, पण पोराच्या अंगावर आपल्याच हाताने कढत पाणी ओतल्यासारखा चेहरा झाला होता.

तिचा राग गेला नव्हता. पण त्या चेहऱ्यावर तिचा हात उठेना.

"गंज चढला हुता," ती मोठ्याने म्हणाली. "अर्थिंग तुटलं हुतं. बास. तात्या, लोखंड पांढरं दिसंस्तवर घासा, वायरीला नवं टोक लावा आन आवळून टाका."

तात्यांनी मान वर करून तिच्याकडे एकदा पाहिलं. मग पॉलिशपेपर घेऊन घासत बसले. तारेचा तुकडा काढून टाकला, डबी बसवली, सीट चढवली. गाडी सुरू केली. काटा उजवीकडे. लोकांनी टाळ्या पिटल्या. ट्रॅक्टरवाला एकजण पुढे होऊन म्हणाला, "ताई, माझा स्टार्टर आनू का उद्या?" आणि त्याने वजनाचं नाव काढलं नाही. रोहिणी त्याच्याशी बोलत होती, तेवढ्यात इंजिनाचा आवाज चढला. वळून बघते तर तात्या गाडीवर बसलेले. एक शब्द नाही, कुणाकडे बघणं नाही. गर्दी फुटली आणि बीएसए बाजाराच्या दिशेने धडधडत निघून गेली.

"पळाला की म्हातारा!" हनुमंत म्हणाला.

रोहिणीच्या तोंडाची चवच गेली. जिंकून हे असं? बल्ब पेटला, काटा हलला, सगळं झालं. पण ते एक वाक्य मात्र मागे घ्यायचं राहिलं ते राहिलंच. आणि आपण त्या माणसाची लाज राखली!

"शब्द दिला हुता त्यांनी," ती कडूबाईला म्हणाली. डोळे भरून आले, ते तिने लपवलेही नाहीत. "तुमच्या मानसानं शब्द दिला हुता, काकी."

"मला बी हितंच टाकलं की," कडूबाई म्हणाली. तीही रस्त्याकडे बघत होती, चांगलीच खजील झाली होती.

माणसं पांगू लागली. बाजारात सकाळपासून एक चादरीवाला टेम्पो ओरडत होता, 'सोलापुरी चादर, सोलापुरी चादर,' त्याचं आता कुणाला भानही राहिलं नव्हतं. तो अचानक मध्येच बंद पडला तेव्हा मात्र सगळ्यांनी तिकडे पाहिलं. कर्ण्यातून खरखर आली. कुणीतरी फुंकर मारली. आणि मग तो आवाज आला.

"कर्जतच्या बाजाराला आलेल्या तमाम माता-भगिनींनो आनि शेतकरी बांधवांनो! इकडं ध्यान द्या! मी वाडीचा बिभीषण. चैत्रात ह्याच तोंडानं मी रोहिणीबाईला चोर म्हनलो हुतो. ते साफ खोटं हुतं! डायनॅमोत तांबं पुरेपूर हाय! मी माझ्या गाडीला पोळ्याला हळद फासली, लोनी फासलं, त्या लोन्यानं अर्थिंग खाल्लं, आन मी आळ घेतला लेकीसारख्या बाईवर! गंज बिंज काय नव्हता. तिनं माझी लाज राखली, म्हनून मी सांगतोय!"

बाजार हसायला लागला. भाजीवाल्या हसल्या, हमाल हसले, टेम्पोवाला हसला. हसणं थांबेस्तोवर कर्णा थांबला, आणि हसणाऱ्यांना पुरतं हसू देऊन पुन्हा गरजला,

"कुस्ती निकाली झालेली हाय, मंडळी! रोहिणीबाई विजयी! बिभीषण चितपट! पाठ टेकली, दोन्ही खांदे टेकले, ज्याला शंका असंल त्यानं येऊन बघावं!"

रोहिणीने पदराने तोंड झाकलं. पदराआड ती रडत होती की हसत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं. खांदे गदगदत होते एवढं खरं. कडूबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. पांगलेली माणसं परत गोळा झाली होती आणि सगळी तिच्याकडे बघत होती.

"झालं का मनासारखं, ताई?" हनुमंतने विचारलं.

रोहिणीने नाक पुसलं. पदर खोचला. आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"मधलं नीट ऐकू आलं न्हाई. परत सांगा म्हनावं."

हनुमंत हसत सुटला. त्याने तोंडाशी हात धरून पुढच्याला हाक दिली, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. निरोप माणसामाणसांतून कांद्यांच्या ढिगांवरून, भांड्यांच्या पालांवरून चादरीच्या टेम्पोपर्यंत गेला. कर्ण्यात पुन्हा खरखर झाली.

मग तात्या खाकरले आणि 'तमाम माता-भगिनींनो'पासून पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा मोठ्याने.